मांजरांसाठी मागवलेले तयार फाटक आणि सुताराकडून करवून घेतलेले जाळीचे दार

घरात आधीपासून नांदत असलेल्या मांजरीकडे नवे पिल्लू आणायचे असेल, तर सुरुवातीचे काही दिवस दोघांच्या मध्ये काहीतरी आड असले पाहिजे, एवढे सगळेच जाणकार सांगतात. ते आड नेमके कसे असावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गेल्या जुलैमध्ये आमच्यावर ही वेळ आली, तेव्हा आम्ही आधी एक तयार फाटक ऑनलाइन मागवले. पाच दिवसांत ते निरुपयोगी ठरले आणि त्याच्या जागी सुताराकडून जाळीचे दार करवून घ्यावे लागले. या दोन्ही वस्तूंचा आणि जोडीला घेतलेल्या फेरोमोनच्या, म्हणजे मांजरांच्या वासाचे कृत्रिम रसायन हवेत सोडणाऱ्या, यंत्राचा हा अनुभव आहे. फाटकाच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीची फाटके निरनिराळ्या नावांनी विकली जातात आणि माझी तक्रार त्या घडणीबद्दल आहे.

आमचे घर इंदूरच्या रामबागेतले, जुन्या बांधणीचे. मधल्या खोलीची सागवानी चौकट साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच आहे, आणि खाली अजूनही आठ इंची नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या आहेत. या फरश्यांचा पुढे फार उपयोग झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो. घरातली मूळची मांजर सात वर्षांची, करडी पट्टेरी आणि नसबंदी झालेली आहे. माळव्यात थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात. आमच्या मांजरीचा घरातला वावर पहिल्यापासून तसाच असल्यामुळे तिचे नावही जीजीच पडले. नवे पिल्लू सुदामानगरात राहणाऱ्या भाचीकडचे, साधारण दहा आठवड्यांचा बोका. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरावा तसे त्याच्या पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आहेत, म्हणून भाचीने त्याचे नाव जीरावन ठेवले होते आणि आमच्या आईने दोन दिवसांत त्याचा जिरू करून टाकला.

पहिले दहा दिवस जिरू बंद खोलीत होता. हे आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून केले आणि ते योग्यच होते. बाहेरून आलेल्या पिल्लाच्या अंगात काय आजार दबून आहे हे वरून कळत नाही. पॅनल्यूकोपेनियासारखा रोग तर लस न झालेल्या मांजरांत फार वेगाने पसरतो आणि त्याचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर दीर्घकाळ तग धरून राहतो. पिल्लाची एकत्रित लस आठव्या आठवड्यात सुरू होते आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावे लागतात. जिरूचा पहिला डोस भाचीने दिलेला होता. ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा) या दोन विषाणूंची रक्तचाचणी, जंताचे औषध आणि कानांची तपासणी आम्ही या दहा दिवसांत उरकून घेतली.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. बंद सागवानी दार आणि उघडे सागवानी दार यांच्या मधली कोणतीही अवस्था आमच्याकडे नव्हती. ती मिळावी म्हणून फाटक मागवले.

फाटक लोखंडी, पांढऱ्या रंगाचे, ७६ सेंटिमीटर उंच आहे. चौकटीला भोके न पाडता चार कोपऱ्यांचे रबरी टोकांचे स्क्रू आवळून ते दाबाने बसवायचे असते. मूळ रुंदी ७५ ते ८४ सेंटिमीटर असल्याने आमच्या चौकटीसाठी १४ सेंटिमीटरच्या दोन जोडण्या वेगळ्या घ्याव्या लागल्या. फाटकाचे ३,२०० आणि जोडण्यांचे १,३०० असे एकूण ४,५०० रुपये झाले. खोक्यावर कुत्र्याचे आणि मांजराचे, दोघांचेही चित्र होते. लोखंड जाड आहे, रंगाचा दर्जा चांगला आहे आणि एका हाताने उघडणारी खिट्टी खरोखरच एका हाताने उघडते, हे आधी मान्य केले पाहिजे.

आता मांजराच्या बाजूने पाहू. उभ्या गजांमधले अंतर जवळपास पाच सेंटिमीटर आहे. दहा आठवड्यांच्या पिल्लाचे डोके तेवढ्या फटीतून जाते, आणि मांजराचे डोके गेले की त्यामागून सगळे अंग जाते, कारण त्याच्या गळपट्टीचे हाड खांद्याच्या सांध्याला पक्के जोडलेले नसते. फाटक बसवून मी पाना पेटीत ठेवेपर्यंत जिरू अलीकडे आलेला होता. उंचीची गोष्ट त्याहून वाईट. प्रौढ मांजर जागेवरून चार-पाच फूट सहज उडी मारते, त्यामुळे अडीच फुटांचे फाटक म्हणजे जीजीच्या दृष्टीने बसायला आयता कठडाच होता. तिने प्रथम त्यावर उडी घेतली. तिच्या वजनाने रबरी टोके तेलपाणी केलेल्या सागवानावरून घसरली आणि फाटक मोठा आवाज करीत एका बाजूने खाली आले. जुन्या चौकटी वर-खाली सारख्या रुंदीच्या नसतात. आमची चौकट खाली दीड सेंटिमीटरने जास्त रुंद असल्याचे मला त्याच दिवशी मोजून कळले.

त्या आवाजाने दोघांची पहिली भेट झाली, आणि ती जशी व्हायला नको होती नेमकी तशी झाली. जीजी फिस्कारली, तिने जिरूला दोन पंजे लगावले आणि जिरू कपाटाखाली शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. जखम कोणालाच झाली नाही, परंतु जीजीने त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अन्नाला तोंड लावले नाही. याची काळजी आम्हांला जास्त वाटली, कारण मांजराने सलग एक-दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर, विशेषतः ते अंगाने भरलेले असेल तर, यकृतात चरबी साचून गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टरांशी फोनवर बोलून कोमट केलेल्या मऊ खाण्यावर तिला आणले तेव्हा कुठे जिवात जीव आला. पुढचे चार दिवस फाटकाला पुठ्ठे बांधून, चादरी अडकवून पाहिल्या, पण जे मुळातच वरून उघडे आणि पायात कच्चे आहे त्याला किती ठिगळे लावणार? फाटक परत पाठवण्याची मुदत सात दिवसांची होती, तरी रबरावर आवळल्याच्या खुणा आहेत या कारणाने ते परत घेतले गेले नाही. स्क्रू न आवळता हे फाटक कसे वापरून पाहायचे असते, हे मी विचारले होते आणि त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

हे फाटक रांगत्या मुलासाठी आणि कुत्र्यासाठी केलेले आहे, आणि त्या कामाला ते चांगले असेल. मांजराचा व्यवहार वेगळा असतो. त्याला समोरच्या मांजराची ओळख आधी नाकाने पटते आणि मग डोळ्याने. गाल, हनुवटी आणि शेपटीचे मूळ घासून ते आपल्या जागेवर स्वतःचा वास लावत असते, आणि ज्या घरात सात वर्षे एकाच मांजरीचा वास भरून राहिला आहे तेथे अनोळखी वासाचा प्राणी एकाएकी समोर येणे तिला आक्रमणासारखेच वाटते. म्हणून मधल्या आडाने वास पहिल्या दिवसापासून जाऊ दिला पाहिजे, नजर थोडी थोडी जाऊ दिली पाहिजे आणि अंग मुळीच जाऊ देता कामा नये. शिवाय बिघडलेच तर ही नजर पुन्हा बंद करता आली पाहिजे. फाटकाला यातले काहीच जमत नव्हते. आमचे डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आहेत. हे सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की घरात डास येऊ नयेत म्हणून पूर्वी जाळीचे दार असायचे, ते आता का नाही.

तेव्हा सियागंजातून अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, वेल्ड केलेली जस्ती जाळी आणली आणि ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी चौकट पाहिली, मग कपाटावर बसलेल्या जिरूकडे पाहिले आणि म्हणाले, “बाबूजी, इत्ते-से के लिए इत्ता बड़ा?” काम मात्र त्यांनी मनापासून केले. जुन्या सागवानाला एकही खिळा लागू नये म्हणून हलक्या लाकडाची एक वेगळी चौकट करून ती मूळ चौकटीत पाचरा मारून घट्ट बसवली आणि त्या आतल्या चौकटीला जाळीची झडप बिजागऱ्यांवर लावली. जाळीची कापलेली टोके आत दुमडून वर लाकडी पट्टी मारली, कारण ही टोके उघडी राहिली तर पंजा फाटायला वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंनी कड्या आहेत. झडपेखाली बोटभर फट आहे आणि वर अजिबात मोकळी जागा नाही. लाकडाचे १,४५०, जाळीचे ६२०, बिजागऱ्या-कड्यांचे २८० आणि मजुरीचे १,२०० असे ३,५५० रुपये लागले, म्हणजे फाटकापेक्षा साडेनऊशे कमीच. काम दीड दिवसाचे होते. ठोकाठोकी चालू असताना जीजीला गच्चीवरच्या खोलीत आणि जिरूला पिंजऱ्यात ठेवले होते.

दार बसल्यावर आम्ही घाई केली नाही, कारण एकदा हात पोळलेला होता. पहिल्या दिवशी जाळीवर वरपासून खालपर्यंत जाड चादर टाकली. जिरूच्या गालांवरून फिरवलेला जुना पायमोजा जीजीच्या ताटलीजवळ आणि जीजीच्या अंथरुणाचा तुकडा जिरूच्या टोपलीत ठेवला. जीजीने मोजा हुंगला, तोंड किंचित उघडे ठेवून वरचा ओठ उचलला आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. वास तोंडातल्या टाळूच्या वर असलेल्या वेगळ्या अवयवाकडे ओढून घेण्याची मांजरांची ही रीत आहे, चेहरा मात्र एखादे नासके दूध पुढे आल्यासारखा दिसतो. मग तिने मोज्यावर एक पंजा मारला आणि निघून गेली. चौथ्या दिवशी त्याच मोज्याला तिने गाल घासला.

जेवण दोघांना एकाच वेळी, दाराच्या दोन बाजूंना द्यायचे ठरले होते. जीजीची ताटली दारापासून नऊ फरश्यांवर, म्हणजे बरोबर सहा फुटांवर ठेवून सुरुवात केली. ती मान खाली घालून, कान पुढे ठेवून सगळे खाऊन संपवील तर दुसऱ्या दिवशी ताटली एक फरशी पुढे सरकवायची, आणि ती मध्येच थांबून दाराकडे पाहत राहिली तर तेथेच ठेवायची. चादरही रोज चार बोटे वर गुंडाळायची. त्यामुळे पहिल्यांदा दोघांना एकमेकांचे फक्त पाय दिसले, मग पोट आणि शेवटी तोंड. जाळी अर्ध्या इंचाची असल्याने जिरूच्या पंजाची एक-दोन बोटेच पलीकडे येत आणि जीजीचे तर नखही नीट येत नसे. एक इंचाची जाळी स्वस्त पडली असती, तरी ती घेतली नाही हे बरे झाले.

दहाव्या दिवशी ताटली दोन फरश्यांवर आली असताना स्वयंपाकघरात कुकरचे झाकण फरशीवर पडले. जीजी दचकली, समोर जिरू दिसला आणि राग काढायला तो मिळेना म्हणून तिने शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीच्या घोट्याला पंजा मारला. घाबरलेल्या मांजराचा राग असा जवळच्या कोणावरही निघतो, आणि अशा वेळी त्याला उचलायला जाणे म्हणजे स्वतःहून ओरखडे मागून घेणे. आम्ही चादर सोडली, जीजीला एकटे राहू दिले आणि दुसऱ्या दिवशी ताटली सहाव्या फरशीवर नेली. फाटकाच्या वेळी हाच प्रसंग घडला असता तर पुन्हा बंद दारापासून सुरुवात करावी लागली असती. येथे चार फरश्या मागे येऊन काम भागले आणि चार दिवसांत आम्ही पुन्हा दोन फरश्यांवर पोहोचलो. या दाराला मी चांगले गुण देतो ते मुख्यतः या एका कारणासाठी.

एक चूक आमच्याकडूनही झाली. दाराखाली सांडलेले खाणे पुसण्यासाठी कामवाल्या ताईंनी नेहमीच्या सवयीने काळे फिनाईल टाकले. दोघांनी मिळून बसवत आणलेला वास तर त्याने पुसला गेलाच, परंतु फिनॉल असलेली द्रव्ये मांजरांना विषारी असतात. ही द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृताची एक प्रक्रिया त्यांच्यात फार दुबळी असते आणि पंजे चाटताना ओल्या फरशीवरचे फिनाईल थेट पोटात जाते. पोछा मारणाऱ्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना हे सांगायला हवे होते ते आम्ही सांगितले नव्हते. तेव्हापासून साबणाचे साधे पाणी वापरतो.

दार बसल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, दोघेही पोटभर खाऊन सुस्तावलेले असताना, झडप उघडी ठेवली. कोणालाही उचलून समोरासमोर धरले नाही. जिरू शेपटी उभी करून आला, तिच्यापासून दोन फरश्यांवर थांबला आणि आडवा पडला. जीजी एकदा फिस्कारली, नखे आत ठेवून तिने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मग पाठ फिरवून अंग चाटत बसली. मांजराने पाठ फिरवावी याचा इतका आनंद आम्हांला पूर्वी कधी झाला नव्हता. आई आपल्या आरामखुर्चीतून म्हणाली, “सून घरात आली की सासू पहिल्यांदा भांडी घासायलाच घेते.” पहिल्या दिवशी दहा मिनिटे, नंतर अर्धा तास, असे करीत आणखी दोन आठवड्यांनी झडप दिवसभर उघडी राहू लागली. रात्री मात्र महिनाभर कडी लावत होतो.

फेरोमोनच्या यंत्राविषयी थोडक्यात लिहितो. गाल घासताना मांजर जे रसायन सोडते त्याची कृत्रिम आवृत्ती विजेच्या सॉकेटमधून हवेत सोडणारे हे साधन आहे. एक कुपी साधारण तीस दिवस चालते आणि ५० ते ७० चौरस मीटर जागेला पुरते असे पाकिटावर लिहिलेले असते. आमच्या घराची छते तेरा फूट उंच आहेत, पंखे फिरत असतात आणि पावसाळ्यातही खिडक्या उघड्या राहतात. त्याचा उपयोग झाला की नाही हे मला सांगता येत नाही, कारण त्याच महिन्यात आम्ही बाकीचेही सगळे करीत होतो. या साधनांवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. त्रास काही झाला नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी जाळीला घालावेत आणि उरलेल्या पैशांतून मांजरांच्या शी-शूसाठी माती भरून ठेवायचे एक जास्तीचे घमेले घ्यावे. जितकी मांजरे त्याहून एक घमेले अधिक, म्हणजे दोघांना तीन, आणि तीही एकाच कोपऱ्यात न ठेवता वेगवेगळ्या ठिकाणी. जीजीने या सगळ्या काळात एकदाही बाहेर घाण केली नाही, याचे बरेचसे श्रेय मी त्या तिसऱ्या घमेल्याला देतो.

जाळीच्या दारातही दोष आहेत. पाचरा पावसाळ्यात फुगतात आणि हिवाळ्यात सैल पडतात, त्यामुळे दर आठवड्याला हाताने हलवून पाहावे लागते. हलक्या लाकडावर जिरूने खालच्या बाजूला नखे चालवून चांगली चार इंच झिलई काढली आहे. जाळी जस्ती असली तरी पुसायला किचकट असते, चौकोनाचौकोनात केस अडकतात आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बसावे लागते. शिवाय ज्यांचे घर भाड्याचे आहे आणि चौकट लोखंडी किंवा सिमेंटची आहे, त्यांच्याकडे पाचरा धरतील की नाही हे मिस्त्रींना प्रत्यक्ष दाखवूनच ठरवावे. फाटक घ्यायचेच असेल तर ते पाच फुटांहून बरेच उंच, बारीक जाळीचे आणि भिंतीत स्क्रूने पक्के होणारे घ्यावे. मागवण्यापूर्वी चौकटीचे माप वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्यावे, आणि घरात पिल्लू असेल तर गजांमधले अंतर विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. गुणच द्यायचे तर फाटकाला पाचपैकी एक, तोही खिट्टीसाठी. जाळीच्या दाराला साडेचार, आणि तो अर्धा गुण त्या पाचरांमुळे कापलेला आहे.

दार आता काढून माळ्यावर ठेवले आहे. भाचीने तिच्याकडच्या दुसऱ्या पिल्लासाठी ते मागितले होते, पण तिची चौकट तीन फुटांची आहे आणि रंधा मारून सहा इंच कमी होणार नाहीत, असे मिस्त्रींनी सांगितले. आतली झडप नव्या चौकटीत बसवून देण्याचे त्यांनी आठशे रुपये सांगितले आहेत. फाटक गच्चीच्या जिन्याशी तुळशीच्या कुंड्यांपुढे उभे केले आहे, आणि दुपारच्या उन्हात त्याच्या वरच्या गजावर जीजी बसलेली असते. खाली, गजांमधून डोके बाहेर काढण्याचा प्रयत्न जिरू अजून करतो. आता त्याचे डोके मावत नाही.